साखळीतला मासा

बाबा, तुमच्या चष्म्याला नंबर नव्हता, हे मला परवा कळलं. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. तो चष्मा तेव्हापासून तुमच्या हत्यारांच्या पत्र्याच्या पेटीत, पान्याच्या आणि छिन्नीच्या मधे, जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळलेला पडून आहे. पेटी भावाला नको होती, म्हणून मी संग्रामपूरहून सासरी उचलून आणली. त्यातला मोठा पाना मी इतकी वर्षं नळाला वापरला, खाटेला वापरला, एकदा जावयाला धाक दाखवायलाही वापरला. चष्म्याला मात्र हात लावला नाही. मेलेल्या माणसाच्या चष्म्यातून बघायचं काय असतं? तुमच्या नाकावर तो असायचा तेवढा आठवत होता. दिवसभर खिशात, आणि दुकानात कंदील लावला की डोळ्यांवर. आई म्हणायची, "उन्हात दिसते अन् दिव्यात दिसत नाही, घुबडाच्या उलटं सोंग आहे हे." तुम्ही हसायचे आणि चाकाचे आरे कसत बसायचे. मी चौथीपर्यंत शिकलेली. मास्तरांनी शिकवली तशी भाषा कागदावर येते, तोंड उघडलं की आपली वऱ्हाडीच निघते. दोन्हींची खिचडी झाली तर चालवून घ्या. पण हे मला खरंच विचारायचं आहे, बाबा. ज्या माणसाला धड दिसत होतं, त्यानं मरेपर्यंत साध्या काचा काऊन घातल्या?

चष्मा पेटीतून का काढला, ते सांगायचं तर सायकलचं सांगावं लागेल. थोरल्या लेकाची मुलगी खामगावला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. एसटीची वाट पाहत बसली असती तर तिथंच म्हातारी झाली असती, म्हणून सायकलनं जाते. तिची सायकल तुम्ही बघायला हवी होती. मागच्या चाकाला एकावर एक सात चक्रं, मोठ्यावर लहान, लहानावर आणखी लहान, उतरंड रचल्यासारखी. हँडलवरचा खटका दाबला की साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर चढते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिला आठ-दहा वेळा खटका दाबायला लावला. साखळी कोण उचलते ते मला बघायचं होतं. खाली दोन बारक्या चाकांचा एक लोंबता हात आहे, तो उचलतो, आणि लहान चक्रावर साखळी ढिली पडली की तोच ताणूनही धरतो. "म्हंजे पोट कमीजास्त झालं तं पट्टा आपोआप आवळते," मी म्हणाले. नात म्हणाली, "आजी, तू दुकानात ये, गिऱ्हाइकाले तूच समजावून सांग." तर त्या साखळीनं महिन्याभरापासून दगा द्यायला सुरुवात केली. जोर दिला की कट्ट करून उडी मारायची. गावातल्या पंक्चरवाल्यानं हात जोडले, "हे गिअरचं मले जमत नाही, माय." खामगावचा म्हणाला, आठ दिवस ठेवून जा. नात म्हणाली, "आठ दिवस मी काय उडत जाऊ?" आणि तिनं मोबाईलवरून साखळी, सात चक्रांचा नवा गठ्ठा आणि तो खोलायचं हत्यार, सगळं घरी मागवलं.

मला त्या रस्त्याचं भ्या आहे. गावाबाहेर पडलं की नाल्याचा उतार लागतो. तिथं ती हँडलवर वाकते आणि ब्रेकला बोट न लावता सुटते. तिला वाटतं, आजीला माहीत नाही. आजी कपाशी निंदायला त्याच बांधावर बसलेली असते. म्हणून मी ठरवलं, हात लावायचा तर मीच लावीन, मिस्तरीची पोर आहे मी. सोमवारी तिला सुट्टी. ओसरीत झोक्याच्या कड्याला दोर बांधून सायकल सीटला टांगली, मागचं चाक अधांतरी, तुम्ही दुकानाच्या आढ्याला टांगायचे तशी. जुन्या साखळीला पुढच्या चक्रावर अंगठ्यानं पुढं ओढून पाहिलं, तर खालचा दात सगळा उघडा पडला. तुम्ही दाखवलेली हीच परीक्षा. साखळी मेली होती. मागची चक्रं मात्र मला चांगली वाटली. चांगलं जाड लोखंड, चमकतंय, फेकायचं कशाला? नात म्हणाली, दोन्ही बदलायचं असतं, मोबाईलच्या व्हिडिओत दाखवलंय. मी म्हणाले, "त्यात दाखवणाऱ्याचा बाप मिस्तरी होता का?" आणि फक्त साखळी बदलवली. गल्लीतल्या चढावर तिनं जोर दिला आणि साखळी पहिल्यापेक्षाही जोरात उडाली. पाय निसटला, पायडल नडगीला लागलं, रक्त आलं. ती लंगडत परत आली आणि म्हणाली, "आजी, तुह्या बापानं हेच शिकवलं होतं का?"

नाही, तुम्ही हे शिकवलं नव्हतं. मी खाली बसून चक्राचे दात नीट पाहिले, तर एका बाजूला झुकलेले, बोरीच्या काट्यासारखे आकड्याचे. तेव्हा तुमचं बोलणं आठवलं. साखळी अन् चक्र नवराबायकोसारखे, घासून घासून एकमेकांच्या मापाचे होतात. एकाला बदललं की दुसरा कटकट करतो. हे तुम्ही दर गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि आई आतून म्हणायची, "मंग बदला ना, कोणं अडवलं?" मी नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "हे आधी काऊन नाई आठवलं?" आधी आठवलं असतं तर लोक म्हातारी कशाला म्हणाले असते मला.

सात चक्रांचा गठ्ठा काढणं सोपं नव्हतं. रोज पायडल मारून मारून तो आणखीच आवळत जातो, हे तुम्हाला सांगायला नको. दात्यांचं हत्यार आत बसलं, त्याला पाना लावला, नात पान्यावर उभी राहिली, मी तिच्या खांद्यावर भार दिला. हललं नाही. तुमच्याजवळ शेगडा होता, लोखंडाच्या जबड्यात हत्यार आवळायचं आणि पाना नाही, चाकच फिरवायचं. आमच्या घरी कुठला शेगडा? मग मी दोन विटांवर पाना आडवा ठेवला, त्याचा दांडा धुण्याच्या दगडाच्या आणि भिंतीच्या फटीत अडकवला, हत्यार वर तोंड करून पान्यात बसवलं आणि त्यावर चाक पालथं टेकवलं. समोरासमोर बसून दोघींनी जातं ओढावं तसं चाक ओढलं. "ओवी म्हणू का?" नात म्हणाली. "दम ठेव, मंग म्हण," मी म्हणाले. कडाक् करून आवाज आला. मला वाटलं, माझा खांदा गेला. पण गठ्ठा सुटला होता.

सुटलेला गठ्ठा फेकायच्या आधी मी तो तिच्याकडून उघडून घेतला. छिन्नीनं वरची चकती उलटी फिरवायला लावली, बारीक छऱ्यांचा सडा पडला, आणि आत दोन लोखंडी जिभा दिसल्या, ज्यांना तुम्ही कुत्री म्हणायचे. लहानपणी मी विचारलं होतं, कुत्री आहेत तर भुकत काऊन नाई? तुम्ही मागचं चाक उचलून फिरवलं आणि माझा कान त्याला लावला. टिकटिक टिकटिक. "भुकून राह्यले ना. पुढं ढकललं की दातात चावतात, मागं सोडलं की नुसते भुकतात." सात चक्रं झाली, सायकल गुळगुळीत झाली, आत कुत्री तीच दोन. मला फार बरं वाटलं. नातीनं त्यांचा फोटो काढला. कशाला काढला, देव जाणे.

नवा गठ्ठा ग्रीस लावून हातानं फिरवून बसवला. नवी साखळी जोडायची राहिली. ती जोडायला तीच पातळ पट्टी, तुमच्या वेळची, फक्त बारीक. जोडाच्या दोन खुंट्यांवर वरून सरकवायची, एक टोक बंद आणि गोल, दुसरं टोक फाटलेलं. सगळे तिला लॉक म्हणतात, तुम्ही मासा म्हणायचे. गोल बाजू तोंड, फाटकी बाजू शेपूट. ती तांदळाएवढी पट्टी मला दिसेना, माझ्या चष्म्याची दांडी नातीच्या धाकट्या भावानं मोडलेली. म्हणून तुमचा काढला. घातला, तर जसं दिसत होतं तसंच दिसायला लागलं. काचा पुसल्या, तरी तेच. नातीनं तो मोबाईलच्या अक्षरांवर धरून पुढंमागं केला आणि म्हणाली, "आजी, यात नंबरच नाही. साधा काच आहे हा. बाजारातला, तोऱ्याचा." मी म्हणाले, माझा बाप तोरा करणारा नव्हता. ती म्हणाली, "मंग कायले घालत होता?" डोळे बारीक करून, नखानं चाचपत, मी मासा बसवला. सायकल टांगलेली असली की हाताशी खालची साखळी येते, तिथंच बसवला. तोंड पुढं. तुम्ही शिकवलं तसं: माशाचं तोंड पुढं, शेपूट मागं.

नातीनं हातानं पायडल फिरवलं. मी माशावर नजर ठेवून होते, नुसती गंमत म्हणून, कुठं कुठं फिरतो ते बघायला. आणि बाबा, तो उलटा पोहत होता. खालची साखळी पुढून मागं जाते. पुढं जाते ती वरची. एवढी साधी गोष्ट. मी सायकलच्या पुढं तोंड केलं होतं, साखळीच्या पुढं नाही. मासा शेपटीकडून मागच्या चक्रावर गेला, शेपटीकडूनच वर आला. फाटकी बाजू आधी. त्या फटीत काही अडकलं, कुठं घासलं, की पट्टी निघून जाणार आणि साखळी सुटणार, नेमकी उतारावर. "थांब," मी म्हणाले. नात म्हणाली, "काय झालं? तुहा चेहरा असा काऊन झाला?" मी तिला म्हणाले, पाणी आण. तहान लागली नव्हती.

मी अकरा वर्षांची होते. आदल्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा मासा दाखवला होता, टेबलावर, सुट्या साखळीवर. तोंड पुढं, एवढंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी नर्सबाईची सायकल आली. साऱ्या तालुक्यात सायकल चालवणारी ती एकच बाई, खेड्याखेड्यांत बाळंतपणं करत फिरणारी, पांढरं लुगडं, कॅरिअरला बॅग. मला ती देवीच वाटायची. तुम्ही साखळी धुऊन तेल देऊन चढवली, तेवढ्यात कोणी हाक मारली आणि तुम्ही बाहेर गेले. जोड खाली लोंबत होता. मासा बशीत होता. मी तो बसवला, तोंड पुढं करून, आणि चटकन बाजूला झाले. तुम्ही परत आले, पाहिलं, मासा बसलेला. बोलता बोलता आपणच लावला असेल असं तुम्हाला वाटलं असावं, असं मी धरून चालले. तिसऱ्या दिवशी संग्रामपूरच्या नाल्याच्या उतारावर नर्सबाईची साखळी निघाली. मनगट मोडलं. ती बैलगाडीतून दुकानापुढं आली, हात गळ्यात, आणि चारचौघांत म्हणाली, "मिस्तरी, तुमच्याकडून असं व्हईन असं वाटलं नव्हतं." मी सायकलींच्या मागं उभी. तुम्ही म्हणाले, "माह्या हातून चूक झाली, बाई." एवढंच. कसं झालं, काय झालं, काही नाही.

मग दीड महिना तुम्ही दुपारपर्यंत दुकान बंद ठेवून तिला डबलसीट घेऊन खेडी फिरले. सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, जिथं बाई अडली असेल तिथं. आई म्हणायची, "लग्नाले इतकी वर्षं झाली, मले कधी मागं बसवलं नाही." तुम्ही म्हणायचे, "तुहा हात मोडला की बसवतो." मी हे सगळं ऐकत होते आणि एकच विचार करत होते: मी तर तुम्ही सांगितलं तसंच केलं. तोंड पुढंच होतं. म्हणजे माझी चूक नाही, नंतर तुम्हीच काहीतरी बिघडवलं असेल. साठ वर्षं मी हेच धरून बसले, बाबा. परवा ओसरीत पायडल फिरेपर्यंत.

आता मला दोन गोष्टी आठवतात. तेव्हाही त्या समोरच होत्या, पण पाहणारी मी होते. एक म्हणजे त्या भानगडीच्या चौथ्याच दिवशी तुम्ही एका सायकलची साखळी चढवली आणि बशी माझ्यापुढं सरकवली. "घे. लाव." मी मनात म्हणाले, सुटले, यांना माहीत नाही; माहीत असतं तर माझ्या हाती दिला असता का? आणि दुसरी म्हणजे, त्या दिवसापासून तुमचं बोलणं बदललं. मासा लावायच्या वेळी तुम्ही पायडल फिरवून जोड वरच्या बाजूला आणायचे आणि म्हणायचे, "मासा आधी वर आण. वर आला की मंग तोंड पुढं." दर वेळी. दुकानात मी असो नसो. माझं लग्न झाल्यावर माहेरी आले तरी तुम्ही एकटेच बसून, हात काळे, तेच पुटपुटत होते. आई म्हणायची, म्हातारपण लागलं. मलाही तसंच वाटलं. चूक कुठं झाली, खालच्या साखळीवर झाली, हे तुम्हाला नेमकं माहीत होतं. तुम्ही स्वतः लावला असता तर खाली लावूनही बरोबर लावला असता, हजार वेळा लावला होता. तोंड पुढं एवढंच ठाऊक असलेलं माणूस त्या दुकानात एकच होतं.

नातीनं पाणी आणलं. मी तिला म्हणाले, पायडल फिरव, जोड वर येऊ दे. वर आला. मासा पक्कडीनं काढला, उलटवला, तोंड पुढं करून बसवला, नखानं शेपूट दाबून पाहिली. "आता का बदलला?" तिनं विचारलं. "आधी उलटा लावला होता." "तू? मिस्तरीची पोर?" "हाव, मी," मी म्हणाले. किती सोपं होतं. दोन शब्द. तीही हसून मोकळी झाली, नडगीवर हळद चेपत. मंगळवारी सकाळी ती गेली. मी निंदायचं निमित्त करून बांधावर जाऊन बसले. तिनं उतारावर ब्रेकला बोट लावलं नाही. साखळीचा आवाज आला नाही, फक्त कुत्री भुकत गेली, टिकटिक टिकटिक, पुलापर्यंत.

राहिला चष्मा. तो तुम्ही त्याच दिवाळीत घेतला, नर्सबाईचा हात सुटा झाला त्यानंतर, बाजारात चटईवर मांडून बसणाऱ्याकडून. त्या दिवसांत आपल्याकडं येणाऱ्या सायकली कमी झाल्या होत्या, एसटी स्टँडजवळच्या दुकानात जायला लागल्या होत्या. बाजारात सगळीकडं एकच बोलणं होतं, मिस्तरीले संध्याकाळचं दिसत नाही. शेतातून माणसं संध्याकाळीच परत येतात, सायकली संध्याकाळीच दुरुस्तीला येतात. म्हणून कंदील लागला की तुम्ही चष्मा चढवायचे, सगळ्यांना दिसेल असा, नाकाच्या शेंड्यावर. लोकांना वाटलं, मिस्तरीनं इलाज केला. सायकली परत आल्या. मलाही बरं वाटलं, कारण मला वाटलं, तुमचे डोळे खरंच गेले होते.

हा कागद कुठं टाकायचा नाही. चष्म्याला गुंडाळून पेटीत ठेवते, पान्याच्या आणि छिन्नीच्या मधे. पण लिहायला बसले ते ज्यासाठी, ते अजून लिहिलं नाही. तुम्ही नर्सबाईला घेऊन खेड्यावर गेले होते, दुकानात मी एकटी, ओट्यावर पाय हलवत बसलेली. बाजारात कापूस घालून परत जाणारा एक माणूस बैलं थांबवून म्हणाला, "काय वं पोरी, तुह्या बापाले दिसत नाही का आता?" नाही म्हणाले असते तर त्यानं विचारलं असतं, मंग लॉक कोणं लावलं? म्हणून मी म्हणाले, "हाव." तिथं थांबायला पाहिजे होतं. तो बैलं हाकायला लागला होता, त्यानं पुढं काही विचारलंही नव्हतं. मी आपण होऊन मागून ओरडले, "संध्याकाळचं तं बिलकुलच दिसत नाही."